दळण किती माणसांचं?

दोन आगगाड्या शेजारशेजारच्या रुळांवरून एकाच दिशेला चालल्या आहेत. एका डब्यात एक म्हातारी पुस्तक वाचत बसली आहे. शेजारच्या गाडीच्या खिडकीचा पडदा सर्रकन वर जातो आणि आत एक पाठमोरा पुरुष एका बाईचा गळा दाबताना दिसतो. म्हातारी उठून उभी राहीपर्यंत ती गाडी पुढं निघून जाते.

"थांबीव जरा," आत्या म्हणाल्या. मी लॅपटॉपचं बटण दाबलं. "तोंड दिसलं का हिला त्येचं?"

"नाही. पाठच दिसली."

"मग झालं की. आता हिला कोण इच्चारतंय?"

खोलीत आम्ही सहा जणी होतो. आत्या खाटेवर, मांडीवर लसूण सोलायचं ताट. बाकीच्या खाली सतरंजीवर. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती आणि लाईट दुपारीच गेली होती, म्हणून टीव्हीचा बेत बारगळला आणि सगळ्या एवढ्याशा लॅपटॉपला खेटून बसल्या. सिनेमा इंग्रजी, काळापांढरा, १९६१ चा. मी मधून मधून थांबवून मराठीत सांगत होते. पण थोड्याच वेळात कळलं की माझ्या सांगण्यावाचून त्यांचं फारसं अडत नाही. बोलणं कळत नसल्यामुळं त्या पडद्यावरच्या माणसांचे हात, पायातले बूट आणि समोरची ताटं बघत होत्या.

यंदाच्या अंकाचा विषय 'रहस्य'. संपादक फोनवर म्हणाले, अगाथा ख्रिस्तीच्या त्या म्हाताऱ्या डिटेक्टिव्ह बाईवर लिहा, पण लंडनला न जाता. तुमच्या लातूरकडचं काहीतरी बघा. मी हसून फोन ठेवला. दोन दिवसांनी किल्लारीच्या आत्या आठवल्या. माझ्या वडिलांच्या चुलत बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या भावकीत कुणाचं काय हरवलं, कोण कुणाशी बोलेनासं झालं, कुठला बांध कुठल्या साली हातभर सरकला, याची चौकशी शेवटी त्यांच्या खाटेपाशी येऊन थांबते. मग लातूरहून औसा, लामजना करत एसटीनं किल्लारी गाठली.

पडद्यावरची म्हातारी

सिनेमाचं नाव 'मर्डर, शी सेड'. दिग्दर्शक जॉर्ज पोलॉक. अगाथा ख्रिस्तीच्या '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' या १९५७ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे आणि मिस मार्पलच्या भूमिकेत आहेत मार्गारेट रदरफोर्ड. रुळालगत शोधूनही प्रेत सापडत नाही, तेव्हा या बाईंना डुलकी लागली असणार, हातात रहस्यकथा होतीच, असं त्यांना गोडीगुलाबीनं सुचवलं जातं. मग बाई स्वतःच कंबर कसतात. रेल्वेच्या मजुराचे कपडे चढवून रुळाच्या कडेनं फिरतात, ज्या बंगल्याच्या आवारात प्रेत टाकलं असावं असा संशय येतो तिथं मोलकरीण म्हणून कामाला लागतात आणि तबेल्यात प्रेत शोधून काढतात.

कादंबरीत यातलं बरंच निराळं आहे. तिथं खून बघते ती मार्पलबाईंची मैत्रीण, आणि बंगल्यात कामाला जाते एक तरुण, हुशार मुलगी. मार्पलबाई घरात बसून, लोकर विणत, इतरांनी आणलेल्या बातम्या जोडत राहतात. सिनेमावाल्यांनी तिन्ही बायकांची कामं एकटीच्या अंगावर घातली. त्यामुळं पुस्तकातली बसणारी म्हातारी पडद्यावर पळायला लागली. ख्रिस्तीच्या निष्ठावंत वाचकांना हे आजही रुचत नाही. त्यांची खरी मार्पल म्हणजे १९८४ ते १९९२ या काळात बीबीसीच्या मालिकेत आलेल्या जोन हिक्सन: सडसडीत, शांत, एका जागी बसून समोरच्याला बोलू देणाऱ्या. गंमत अशी की याच १९६१ च्या सिनेमात हिक्सन एका छोट्या भूमिकेत आहेत. दोन्ही मार्पल एकाच पडद्यावर येऊन जातात आणि तेव्हा कुणाला त्याचा पत्ता नसतो.

मिस मार्पल पहिल्यांदा छापून आली ती १९२७ साली एका मासिकातल्या गोष्टीत. पहिली कादंबरी १९३० ची. एकूण बारा कादंबऱ्या आणि वीस कथा. सेंट मेरी मीड हे तिचं लहानसं खेडं आणि तिची रीतही खेड्यातलीच. शहरात कुठं खून झाला की तिला गावातला मासळीवाला आठवतो, नाहीतर एखादी लबाड मोलकरीण. अमक्या माणसाचं वागणं आमच्या तमक्यासारखं दिसतंय, म्हणून तो तसंच करेल, असा तिचा हिशोब. होम्ससारखी भिंगातून सिगारेटची राख बघायची तिला गरज नाही. आयुष्यभर एका गावातली माणसं बघितल्याचं भांडवल तिला पुरतं.

हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "माणसं काय, धा-बारा नमुन्याचीच असतेत," म्हणाल्या आणि लसणाचा पुढचा गड्डा घेतला.

मार्गारेटबाईंचं घर

रदरफोर्डबाई आधी या भूमिकेला तयार नव्हत्या. खून, गुन्हा हे विषय त्यांना नकोसे वाटत. याची एक बाजू त्यांच्या घरातच होती आणि ती कुठल्याही रहस्यकथेपेक्षा काळी आहे.

त्यांचे वडील विल्यम बेन. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचं मन बिघडलं आणि १८८३ साली त्यांनी स्वतःच्या वडिलांचा, एका पाद्र्याचा, खून केला. त्यांना मनोरुग्ण गुन्हेगारांच्या ब्रॉडमूर इस्पितळात ठेवलं गेलं. काही वर्षांनी सुटल्यावर त्यांनी बेन हे आडनाव टाकून दिलं. १८९२ साली मार्गारेट जन्मली आणि हे कुटुंब हिंदुस्थानात, मद्रासला आलं. तिथं तिच्या आईनं आत्महत्या केली. मुलगी तीन वर्षांची. तिला इंग्लंडला मावशीकडं पाठवलं आणि त्या मावशीनं तिला वाढवलं. वडील वारले असंच तिला सांगितलं होतं. ते जिवंत आहेत आणि पुन्हा ब्रॉडमूरमध्ये आहेत, हे कळलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती.

मावशीच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली आणि एकटीपासून लपवलेली गोष्ट घेऊन ही मुलगी मोठी झाली. पियानो शिकवत तिशी ओलांडली आणि मग रंगभूमीवर आली. मार्पल करताना सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. काम स्वीकारलं ते स्वतःचे दोन हट्ट पुरे करून: कपडे माझेच घालीन आणि नवरा सिनेमात हवा. नवरा म्हणजे स्ट्रिंगर डेव्हिस. त्यांच्यासाठी ग्रंथपाल मिस्टर स्ट्रिंगर हे पात्र नव्यानं घातलं, पुस्तकात ते नाही. अगाथा ख्रिस्तीला हे चित्रपट फारसे पसंत नव्हते, तरी १९६२ ची तिची एक मार्पल-कादंबरी मार्गारेट रदरफोर्ड यांनाच अर्पण केलेली आहे.

आईची गोष्ट मी सांगितली तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं. मद्रास या शब्दानं ती बाई एकदम जवळची झाली असावी. कोपऱ्यातल्या एकीनं विचारलं, "मावशीनं चांगलं सांभाळलं का?" सांभाळलं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. या गावात आईबापाविना मावशीकडं, आजीकडं, मामाकडं वाढलेली एक अख्खी पिढी आहे.

ओटा, साणं आणि सासूबाई

आत्यांच्या बोलण्यात दोन किल्लारी असतात. १९९३ च्या भूकंपात पडलेलं जुनं गाव आणि हे. जुन्या गावातलं त्यांचं घर दगडमातीचं, दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद. दारात ओटा, आत देवडी, मग ओसरी, चौक, माजघर. माळवदाला उजेडासाठी साणं. एका घराचं माळवद दुसऱ्याला लागून, त्यामुळं वाळवण घातलेल्या बायका गल्लीत पाय न ठेवता चार घरं फिरून यायच्या. साण्यातून खाली आवाज यायचा आणि खालचा आवाज वर जायचा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या ओट्यावर कुणी खोकलं तरी कोण ते कळायचं.

आत्यांच्या सासूबाई ओट्यावर बसायच्या. सकाळी दंतमंजन लावताना आणि दुपारी वाती वळताना. ही गोष्ट त्या काळातली आहे, भूकंपाच्या दहा-बारा वर्षं आधीची. एका वाड्यातून रात्रीत तुरीची दोन पोती गेली. वाड्यात सालगडी नवा होता, तेव्हा संशय कुणावर गेला हे सांगायला नको. त्याला चावडीपुढं बसवलं होतं, दोन फटके पडलेही होते. सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, आधी बघा कुणाची ओसरी ओली हाय.

दिवस साधा. अमावस्या नाही, सण नाही, घरात पाहुणे नाहीत. तरी पलीकडच्या गल्लीतल्या एका घरात पहाटेच सारवण झालं होतं. पोती ओढत नेली की शेणाच्या भुईवर चरा उठतो आणि तो बुजवायला पोतेरं फिरवण्यावाचून इलाज नसतो. तूर तिथंच निघाली, बळदात. घर वाड्याच्या मालकाच्या सख्ख्या पुतण्याचं. पोलिसात कुणी गेलं नाही. पोती गुपचूप परत आली, सालगड्याला सोडून दिलं.

"त्याची माफी मागितली का?" मी विचारलं.

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की प्रश्न मागं घ्यावासा वाटला.

ही नजर न्यायी होती असं म्हणायचा मोह आवरायला हवा. ज्या ओट्यावरून सासूबाईंना ओली ओसरी दिसली, त्याच ओट्यावरून सुनेनं आडावर किती वेळ लावला हेही मोजलं जायचं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या म्हातारीला तर हा ओटाच मिळाला नव्हता. तिनं काही पाहिलं असतं तरी चावडीपर्यंत ते कोण पोचू देणार? मार्पलबाईंच्या सेंट मेरी मीडमध्येही मोलकरणी बघतात आणि निष्कर्ष मालकिणी काढतात. ख्रिस्ती वाचताना मला हे नेहमी टोचत आलं आहे. सिनेमातल्या रदरफोर्डबाई स्वतःच झाडू हातात घेतात, एवढ्यासाठी तरी मला सिनेमा पुस्तकापेक्षा उजवा वाटतो.

संशयित ज्याचं रेकॉर्ड साफ होतं

म्हातारीचं कुणी ऐकत नाही, हा प्रसंग चालू असताना आत्यांनी दुसऱ्यांदा लॅपटॉप थांबवायला लावला. पण बोलल्या त्या वेगळंच.

१९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीत जमिनीतून आवाज यायचे. भांडी वाजायची. त्या वर्षीच्या १८ ऑक्टोबरचा धक्का चांगलाच जाणवला होता. लोक बाहेर झोपायला लागले, काहींनी गाव सोडलं, मग धक्के कमी झाले तसे परत आले. पायाखालचं दख्खनचं पठार म्हणजे भूगर्भशास्त्राच्या दफ्तरी अगदी सज्जन गृहस्थ. त्या वेळच्या देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. रहस्यकथेत ज्याच्यावर कुणाचाच संशय नसतो त्याच्याकडं सराईत वाचक आधी बघतो; नकाशा करणाऱ्यांना तशी सवय नसते.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ६.२ रिश्टरच्या आसपासचा हा भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोजला जात नाही. माणसं मेली ती घरांनी. जाड भिंतींत गोटे मातीत बसवलेले, आतलं आणि बाहेरचं अस्तर एकमेकांना बांधलेलं नाही, डोक्यावर माळवदाची टनावारी माती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ ते दहा हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, राजेगाव, होळी, अशी ५२ गावं पार झोपली.

मग तपास सुरू झाला. जवळच्या निम्न तेरणा प्रकल्पाच्या पाण्यावर संशय गेला, शास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षं वाद घातला. किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं गेलं. ३३८ मीटर काळा बेसाल्ट, त्याखाली गाळाचा पातळ थर, आणि मग अतिप्राचीन खडक. लाव्ह्याच्या त्या चादरीखाली जुना कच्चा भ्रंश दडलेला होता, या दिशेला बहुतेकांचं बोट आहे. २००२ च्या नव्या नकाशातून पहिला विभागच काढून टाकला. किल्लारी त्यात तिसऱ्या विभागात गेली.

आत्यांच्या सासूबाई त्या पहाटे ओसरीत होत्या. आत्या एवढंच म्हणाल्या, "त्या म्हणायच्या, भुईत जातं फिरल्यावानी वाजायलंय. आम्ही म्हणायचो, तुमच्या कानात वाजत आसंल."

मी पुढचं काही विचारलं नाही. कुणीतरी "लाव गं तो सिनेमा" म्हणालं.

काटकोनातलं गाव

नवी किल्लारी आखून वसवलेली आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं १९९४ पासून पुनर्वसनाचा जो कार्यक्रम राबवला, त्यात घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे मिळाली: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. रस्ते रुंद आणि सरळ, प्लॉट काटकोनात, घरं एकमेकांपासून सुटी. पुन्हा जमीन हलली तर माणूस दारातून बाहेर पडून मोकळ्यात उभा राहू शकेल, हा विचार, आणि तो बरोबरच होता. आत्याही त्याला नावं ठेवत नाहीत.

फक्त ओटा राहिला नाही. "पयल्यांदा आलो तवा कुठं बसावं तेच कळंना," त्या म्हणाल्या. दारात बसलं तर समोर डांबरी रस्ता आणि ऊन. समोरचं घर इतकं लांब की तिथं पाहुणा आला हे दिसतं, पण कोण आला ते कळत नाही. माळवदं गेली, साणी गेली. भावकी एका गल्लीत होती ती चार लाइनींत पांगली. जुन्या गावातल्या बायकांना पत्ता सांगायची सवय नव्हती. आता प्लॉट नंबर पाठ करावा लागला. शहरातल्या आर्किटेक्टनं गावाला उजेड, वारा आणि अंतर दिलं आणि म्हातारीच्या नजरेचा टप्पा तोडला.

लोकांनी मग आपापली डागडुजी केली. आत्यांच्या घरापुढं आता पत्र्याचं छप्पर आहे, त्याखाली शहाबादी फरशीचा कट्टा. मुलानं तो स्कूटर लावायला केला होता. स्कूटर आता उन्हात असते.

आमच्यात पलीकडच्या खेड्यातून आलेल्या एक बाई होत्या. त्यांचं गाव हललं नाही, दुरुस्तीत बसलं. भूकंपानंतर हजाराहून जास्त गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं, त्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. या बाई त्यातल्या एक. काम काय, तर दारोदार जायचं, कुणाला हप्ता मिळाला, कुणाचा अडला, सिमेंट कुठं गेलं, भिंतीत आरपार दगड बसवला की नुसता लिंपला, ते बघायचं. "आधी आम्ही भोचक होतो," त्या म्हणाल्या, "मग आमचं वहीत नाव आलं." कुणाच्या दारात सिमेंटची गोणी फुटकी आहे आणि कुणाच्या शेतातल्या शेडचा कोबा नवा आहे, या दोन गोष्टी त्या अजूनही एका दमात सांगतात.

स्थळाची चौकशी

आता मूळ मुद्द्यावर येते. आत्या आजही तपास करतात, आणि तो खुनाचा नसतो. आपल्याकडं म्हाताऱ्या बाईला रीतसर सोपवलेलं डिटेक्टिव्हचं काम एकच: स्थळाची चौकशी.

काही वर्षांपूर्वी भावकीतल्या एका मुलीला निलंगा तालुक्यातलं स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत, घरी आईबाप आणि एक भाऊ, म्हणजे माणसं चार. बैठक झाली, सगळं पसंत. आत्या एकट्याच एसटीनं त्या गावी गेल्या. मुलाच्या घरी गेल्या नाहीत. शेजाऱ्यांकडंही नाहीत, कारण शेजारी एकतर फार चांगलं सांगतो नाहीतर फार वाईट. त्या पिठाच्या गिरणीत गेल्या. पाच किलो ज्वारी सोबत नेली होती. दळण लावून बाकड्यावर बसल्या आणि गिरणीवाल्याशी ज्वारीच्या भावावर बोलत राहिल्या. बोलता बोलता त्या घराचं नाव काढलं. आठवड्याला किती दळण येतं? गिरणीवाल्यानं सहज आकडा सांगितला.

"चार माणसाचं नव्हतं ते," आत्या म्हणाल्या. "त्यातला एक पुण्याला. मंजे खाणारी तीनच. दळण सहा-सात माणसाचं. जास्तीचं कोण खायलंय?"

मग किराणा दुकान. तिथं उधारीच्या वहीपेक्षा त्यांचं लक्ष मालावर होतं. त्या घरी लहान मुलांची बिस्किटं महिन्याकाठी जात होती. तिसरा मुक्काम मारुतीच्या पारावर. संध्याकाळपर्यंत निघालं ते असं: नवऱ्या मुलाचं आधी एक लग्न झालेलं, बायको आणि दोन लेकरं शेतातल्या घरात, दळण मात्र एकत्र. सोयरीक मोडली. खरं कारण मुलीकडच्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पत्रिका जुळली नाही म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून?"

"म्हातारी दळण घेऊन बसली तर कोण इच्चारतंय?"

सिनेमा सुरू झाला तेव्हाही हेच शब्द होते. तेव्हा ती तक्रार वाटली होती. पडद्यावरच्या बंगल्यात मार्पलबाई जेवण वाढत होत्या तेव्हा आत्यांनी बोट दाखवलं होतं: बघ, समदे ताटाकडं बघायलेत, वाढणारीकडं एक बी नाही.

मुंबईच्या रजनी पंडितांना हे फार आधी उमगलं होतं. १९९१ मध्ये त्यांनी स्वतःची गुप्तहेर संस्था काढली. त्यांच्याकडंही लग्नाआधीच्या चौकश्या भरपूर असतात. पण त्यांची सगळ्यात गाजलेली कामगिरी एका खुनाच्या तपासाची. संशयित बाईच्या घरी त्या सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या. मारेकरी घरात आला, पण बाहेर जाऊन फोन करायला निमित्त मिळेना, तेव्हा त्यांनी सुरीनं स्वतःचा पाय जखमी करून घेतला आणि पट्टी बांधून येते म्हणून बाहेर पडल्या. अनेक मुलाखतींत त्यांनी हे सांगितलं आहे. रदरफोर्डबाईंच्या सिनेमात हे घातलं असतं तर समीक्षक म्हणाले असते, जरा अतीच झालं.

पिशीमा म्हणजे आत्या

मराठी रहस्यकथेत नायक भरपूर झाले. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. भा. रा. भागवतांनी तर फास्टर फेणेच्या रूपानं शाळकरी पोराला डिटेक्टिव्ह केलं आणि २०१७ मध्ये तो पडद्यावरही आला. पोराला जे मिळालं ते आजीला मिळालं नाही. त्याच वर्षी आलेल्या हिंदी 'आज्जी'त सुषमा देशपांडे यांनी नातीवरच्या अत्याचाराचा माग काढणारी झोपडपट्टीतली म्हातारी केली. ती गुडघेदुखी घेऊन, काहीही न बोलता माणसाच्या मागं फिरते, त्याच्या सवयी टिपते. पण तिचा शेवट सूडात आहे, आणि तो बघवत नाही.

खरी भारतीय मार्पल बंगालीत आहे. ऋतुपर्णो घोष यांच्या २००३ च्या 'शुभ महूरत'मध्ये राखी यांनी रंगा पिशीमा केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ख्रिस्तीनं रदरफोर्डबाईंना अर्पण केलेल्या कादंबरीवरच तो बेतलेला आहे. पिशीमा घर सोडत नाहीत. भाची पत्रकार आहे, ती बाहेरून बातम्या आणते आणि पिशीमा मांजरं सांभाळत त्या जोडतात. बंगालीत पिशीमा म्हणजे वडिलांची बहीण. म्हणजे आत्या. हे लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप पिशवीत घालून किल्लारीला आलेली पत्रकार भाची होते, आणि जरा लाजल्यासारखं झालं.

फरक एवढाच की माझ्या आत्या घरात बसत नाहीत. जुन्या गावातल्या त्यांच्या सासूबाई हिक्सनसारख्या होत्या, ओट्यावर बसून गाव वाचणाऱ्या. नव्या गावानं आत्यांना रदरफोर्ड केलं. बसायला जागा राहिली नाही म्हणून त्या चालायला लागल्या. महिन्यातून एकदा बँकेत, निराधारच्या पगाराला; सरकार त्याला काहीही म्हणो, बायका पगारच म्हणतात. त्या रांगेत पाच-सहा गावांच्या म्हाताऱ्या दोन-दोन तास असतात आणि पैशांपेक्षा बातम्या जास्त घेऊन परततात. आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. ही योजना आणताना कुणाच्या मनात डिटेक्टिव्ह नसणार. पण लातूर, निलंगा, उमरगा, औसा हा सगळा टापू आत्यांच्या टप्प्यात आला तो त्या योजनेनं. आधार कार्ड त्या बटव्यात, तंबाखूच्या डबीखाली ठेवतात.

ती नाही म्हणाली

सिनेमा संपत आला होता. खुनी कोण हे आत्यांनी अर्ध्यातच सांगितलं होतं आणि बरोबर सांगितलं होतं. नाव इथं लिहीत नाही, सिनेमा अजून बघता येतो. कसं ओळखलं विचारलं तर म्हणाल्या, "त्यो लई मदत करायलाय."

शेवटी बंगल्याचा खडूस मालक, आजारी असल्याचं नाटक करत सगळ्यांवर खेकसणारा, मार्पलबाईंना लग्नाचं विचारतो. मी मराठीत सांगितलं तेव्हा सगळ्यांनी पदर तोंडाला लावले. मार्पलबाई नकार देतात आणि आपल्या मिस्टर स्ट्रिंगरबरोबर निघून जातात.

"बरं केलं," संवाद सहायक बाई म्हणाल्या. "फुकटची मोलकरीण पायजे व्हती त्याला."

लाईट संध्याकाळी सातला आली. रात्री मी तिथंच राहिले. आत्यांनी लसूण डब्यात भरला, एका कापडी पिशवीत ज्वारी मापली आणि पिशवी दाराशी ठेवली.

सकाळी साडेआठच्या गाडीनं त्या उमरग्याला गेल्या. कंडक्टरनं दिलेलं तिकीट शून्य रुपयांचं होतं आणि पिशवीत ज्वारी पाच किलो.